शाखेतील सहकारी ताणाखाली खचत चालला आहे. त्याला साथ कशी द्यावी?

प्रश्न : वैनगंगाकाठ

सप्रेम नमस्कार.

मी विदर्भातील एका तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत सहायक व्यवस्थापक आहे. आमच्याकडे कृषी कर्जाचे टेबल सांभाळणारा तरुण अधिकारी मूळचा बिहारचा आहे. बदली होऊन आला तेव्हा तो अत्यंत उत्साही होता. शेतकऱ्यांकडून एकेक मराठी शब्द शिकून घेत असे आणि गावभेटीला स्वतःहून निघत असे. खरिपाच्या हंगामापासून मात्र त्याच्यात झालेला बदल पाहून मला काळजी वाटू लागली आहे.

खरिपात जिल्हाधिकारी कार्यालयातील बैठकीत पीककर्जाचे वाटप लवकर पूर्ण करा असा तगादा असतो, तर त्याच दिवशी संध्याकाळी विभागीय कार्यालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये थकबाकी वसूल का झाली नाही आणि विम्याचे हप्ते किती आणले, असे विचारले जाते. ज्यांना नवे कर्ज द्यायचे आणि ज्यांच्याकडून जुने वसूल करायचे, ते पुष्कळदा एकाच घरातले शेतकरी असतात. हा ताण सगळ्याच शाखांना आहे, हे मला मान्य आहे. परंतु हंगाम संपला तरी हा मुलगा त्यातून बाहेर आलेला नाही. तपासून झालेली फाइल तो पुन्हा पुन्हा उघडतो, रात्री उशिरापर्यंत एकटाच बसतो, डबा तसाच परत नेतो. छठपूजेसाठी मंजूर झालेली रजा त्याने स्वतःच रद्द केली. नेहमी आदराने बोलणारा हा मुलगा परवा एका वृद्ध शेतकऱ्यावर सर्वांसमोर ओरडला आणि नंतर बराच वेळ स्टेशनरीच्या खोलीत जाऊन बसला. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, "मॅडम, सकाळी बँकेची पायरी चढतानाच छातीत धडधडायला लागते."

आमचे शाखाधिकारी सज्जन आहेत. त्यांनी सर्वांसाठी एक योगवर्ग आणि ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवण्याचे ठरवले आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तेवढ्याने या मुलाला आधार मिळेल असे मला वाटत नाही. त्याच्याशी बोलावे तर सुरुवात कशी करावी, जेणेकरून आपल्याला कमकुवत ठरवले जात आहे असे त्याला वाटणार नाही? शाखाधिकाऱ्यांना किती सांगावे? ही गोष्ट वरपर्यंत गेली तर त्याच्या वार्षिक मूल्यमापनावर परिणाम होईल, अशी मला भीती वाटते. आणि माझ्या हाती फारसे अधिकार नसताना मी प्रत्यक्षात काय करू शकते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : समुपदेशक_नाशिक

नमस्कार ताई.

आपण जे वर्णन केले आहे त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, आपण त्याची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी केली आहे. एखादा माणूस मुळातच अबोल असेल तर त्याच्या गप्प बसण्याचा फारसा अर्थ निघत नाही. परंतु बोलका माणूस गप्प झाला, आदराने बोलणारा चिडू लागला, सुट्टीची वाट पाहणारा सुट्टी नाकारू लागला, तर तो बदल गांभीर्याने घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे 2019 मध्ये मंजूर होऊन 2022 पासून लागू झालेल्या आवृत्तीत, 'बर्नआउट'ची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तेथे बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. त्यामुळे त्या मुलाला काय झाले आहे याचे निदान आपण करू नये. तो नैराश्यात आहे की चिंतेने ग्रासला आहे, हे डॉक्टर ठरवतील. छातीत धडधडणे हे थायरॉइडसारख्या शारीरिक कारणानेही होऊ शकते, म्हणून एकदा साधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. 'छातीची तपासणी करून घेऊ या' हे वाक्य 'मानसोपचारतज्ज्ञांकडे चल' या वाक्यापेक्षा स्वीकारायला सोपे जाते, आणि ते खरेही आहे.

बोलण्याची सुरुवात आपण पाहिलेल्या गोष्टीपासून करावी. 'तू हल्ली फार चिडचिडा झाला आहेस' असे म्हटले की ऐकणारा स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी 'बरेच दिवस तू जेवत नाहीस, छठची रजाही रद्द केलीस, मला काळजी वाटते आहे' इतके म्हणून थांबावे. यातील थांबणे सर्वांत कठीण असते, कारण समोरची शांतता भरून काढण्यासाठी आपण लगेच सल्ला देऊ लागतो. 'सगळ्यांनाच ताण असतो', 'आमच्या वेळी तर संगणकही नव्हते', 'सकारात्मक विचार कर' ही वाक्ये प्रेमाने म्हटली तरी ऐकणाऱ्याला एवढेच कळते की आपले म्हणणे येथे कोणाला पटणार नाही. तो सहज बोलू शकेल त्या भाषेत बोला. मनातले दुःख परक्या भाषेत मांडता येत नाही. म्हणून आपली हिंदी मोडकी असली तरी चालेल, त्याला मात्र त्याच्या हिंदीतून मोकळे होऊ द्या.

जागाही विचारपूर्वक निवडा. काउंटरमागे नको, शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये तर मुळीच नको. बँक बंद झाल्यावर चालत चहाच्या टपरीपर्यंत जाणे उत्तम, कारण शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि संकोच कमी होतो. पहिल्या वेळी तो 'कुछ नहीं, मॅडम' म्हणून विषय टाळेल. तेव्हा आग्रह धरू नका. 'ठीक आहे, मी पुन्हा विचारीन' असे सांगा आणि काही दिवसांनी खरोखर पुन्हा विचारा. लोक बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या विचारण्याला बोलतात, कारण तोपर्यंत समोरचा माणूस केवळ औपचारिकता म्हणून विचारत नाही अशी त्यांची खात्री पटलेली असते.

आता शाखाधिकाऱ्यांना किती सांगावे याविषयी. त्याने आपल्याला जे खासगीत सांगितले ते त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 ने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. तो उपचार करणाऱ्यांना बांधून ठेवतो, सहकाऱ्यांना नाही. तरी त्यामागचे तत्त्व आपणही पाळावे. कामाचा भार मात्र खासगी नाही. 'कृषी विभागात एकाच अधिकाऱ्यावर वाटप, वसुली आणि विमा असे तिन्ही आहे आणि ते पेलत नाही' हे आपण शाखाधिकाऱ्यांना उघडपणे, त्या मुलाच्या मनःस्थितीचा एक शब्दही न काढता सांगू शकता.

उत्तर २ : जुना_शाखाधिकारी

समुपदेशकांनी बोलण्याविषयी लिहिले आहे, ते योग्यच आहे. मी शाखा चालवलेला माणूस आहे, म्हणून कामाविषयी लिहितो. कारण माझे ठाम मत आहे की ज्या टेबलाने माणूस आजारी पडतो ते टेबल तसेच ठेवून त्या माणसाला श्वसनाचे व्यायाम शिकवणे हा अपुरा उपाय आहे. योगवर्गाला माझा विरोध नाही. परंतु तो सायंकाळी सहा वाजता ठेवला आणि त्यामुळे त्या मुलाचे रात्री आठला संपणारे काम नऊला गेले, तर शाखाधिकाऱ्यांनी त्याच्या ताणात भरच घातली असे होईल.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलेला विचार मला बँकेच्या नोकरीत पदोपदी खरा वाटत आला. केवळ काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याचा अधिकार अगदी कमी, अशी सांगड पडली की तो खचतो. पुढे इतर संशोधकांनी यात सहकाऱ्यांच्या आधाराचा तिसरा घटक जोडला. आपल्या कृषी अधिकाऱ्याची अवस्था पाहा. उद्दिष्ट वरून येते, मुदत वरून येते, पाऊस त्याच्या हातात नाही, कर्जमाफीच्या चर्चेने परतफेड थांबली तर तेही त्याच्या हातात नाही. आणि मंजूर केलेले कर्ज लवकर थकीत झाले तर जबाबदारीची चौकशी त्याच्यापासून सुरू होते. तो फाइल पुन्हा पुन्हा का उघडतो, याचे उत्तर मला येथे दिसते. त्या भीतीला आधार आहे, म्हणून 'उगाच घाबरू नकोस' असे सांगून ती जाणार नाही. दुसऱ्या अनुभवी अधिकाऱ्याने त्याच्यासोबत बसून फाइल पाहिली, तपासणीची एक ठरलेली यादी दोघांनी मिळून वापरली आणि दोघांच्या सह्या झाल्या, तर ती भीती कमी होईल. हे आपण आपल्या पातळीवर, कोणाचीही परवानगी न घेता, उद्यापासून सुरू करू शकता.

शाखाधिकाऱ्यांनी करावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. संध्याकाळच्या व्हिडिओ कॉन्फरन्सला प्रत्येक टेबलाचा अधिकारी हजर राहिलाच पाहिजे, असे पुष्कळदा वरिष्ठांनीही सांगितलेले नसते. ती शाखेने स्वतःला लावून घेतलेली सवय असते. शाखाधिकाऱ्यांनी आकडे स्वतः सांगावेत आणि बोलणीही स्वतः ऐकून घ्यावीत. शाखेचा प्रमुख असण्याचा माझ्या मते हाच अर्थ आहे. आठवड्यातील ठरावीक वार फक्त गावभेटीसाठी राखून ठेवावेत आणि त्या दिवशी त्या मुलाला काउंटरवर बसवू नये. त्याचे मराठी कच्चे असेल तर वसुलीच्या भेटीला गावची भाषा बोलणारा एखादा सहकारी सोबत द्यावा, कारण पैसे मागण्याचे बोलणे अर्धवट भाषेत झाले की ते उद्धट वाटते आणि भांडण होते. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रसंगामागे हेही असू शकते. त्या शेतकऱ्याशी शाखाधिकाऱ्यांनी स्वतः बोलून घ्यावे. गावात बँकेचा शब्द राहिला पाहिजे, आणि त्या मुलाच्या मनावरचे ओझेही त्याने हलके होईल.

रजेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान 10 कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा, तीही पूर्वसूचना न देता, द्यावी लागते आणि त्या काळात त्यांना कामाच्या प्रणालीत प्रवेश नसतो. हा नियम गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून आहे, परंतु बँकेतील माणसाला खरी विश्रांती बऱ्याचदा त्यामुळेच मिळते. तो मुलगा ज्या पदावर आहे ते आपल्या बँकेच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर शाखाधिकाऱ्यांना ही रजा त्याच्या आजाराचा किंवा मनःस्थितीचा उल्लेखही न करता देता येईल. मात्र रजेच्या काळात चार्ज कोणाकडे, हे लेखी ठरले पाहिजे. चार्ज न घेता दिलेली रजा म्हणजे परतल्यावर टेबलावर साचलेला ढीग. तो ढीग डोळ्यांसमोर असतो म्हणूनच अशी माणसे मंजूर रजा रद्द करतात. छठची रजा त्याने का रद्द केली, ते या बाजूने विचारून पाहा.

मूल्यमापनाबद्दलची आपली भीती निराधार नाही. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. रजेचा अर्ज वैद्यकीय प्रमाणपत्रासह आजारपणाची रजा म्हणूनच द्यावा, म्हणजे ती गैरहजेरी किंवा कामचुकारपणा म्हणून नोंदली जाणार नाही. आजार गंभीर आणि दीर्घकाळचा ठरला, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा खालच्या पदावर आणू नये, अशी तरतूद आहे. येथवर गोष्ट जाईल असे मला वाटत नाही, पण कायदा आपल्या बाजूने आहे हे त्याला माहीत असावे. अधिकारी संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीलाही, त्या मुलाची संमती घेऊन, विश्वासात घ्यावे.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न : वैनगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दोन सह्यांची गोष्ट मी लगेच सुरू करीत आहे. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण ती लिहिताना हात थांबत होता. मागील आठवड्यात तो हसत हसत म्हणाला, "मैं नहीं रहूँगा तो फाइलें कौन देखेगा, मॅडम?" बदलीबद्दल बोलत असेल असे समजून तेव्हा सगळे हसले. मला ते वाक्य विसरता येत नाही. याबद्दल त्याला सरळ विचारणे योग्य ठरेल का? विचारल्यानेच तसा विचार त्याच्या मनात येईल, अशी भीती वाटते.

उत्तर ३ : समुपदेशक_नाशिक

ताई, सरळ विचारा, आणि लवकर विचारा. शक्य असेल तर आजच. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो हा समज चुकीचा आहे. ज्याच्या मनात तो विचार आधीच आहे त्याला कोणीतरी न घाबरता विचारले याने पुष्कळदा सुटकाच वाटते. शब्द स्पष्ट असू द्या : 'त्या दिवशी तू म्हणालास मी नसेन तर, ते माझ्या मनात राहिले आहे. तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' 'तसे काही वेडेवाकडे मनात नाही ना?' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नातच 'नाही' हे उत्तर दडलेले आहे.

तो 'नाही, बदलीबद्दल म्हणालो होतो' असे म्हणाला तर बरेच आहे, आपली काळजी त्याला कळली. 'कधी कधी वाटते' असे म्हणाला, तर दचकू नका, शपथा घालू नका, आईवडिलांची आठवण देऊन अपराधी वाटायला लावू नका. विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, हे शांतपणे विचारा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक 14416 आहे, ती निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि हिंदी व मराठी दोन्ही भाषांत बोलता येते. हा क्रमांक त्याला नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या. त्याने कसे आणि केव्हा हे ठरवलेले असेल, तर त्याला एकटे सोडू नका, सोबत घेऊन जिल्हा सामान्य रुग्णालयात जा, आणि तातडी वाटली तर 112 वर फोन करा. अशा वेळी गोपनीयतेचा मी आधी सांगितलेला नियम लागू राहत नाही. घरचे, शाखाधिकारी, ज्यांची मदत लागेल त्यांना सांगा आणि सांगत आहात हे त्यालाही सांगा. पोलीस प्रकरण होईल या भीतीने लोक मदत घेत नाहीत. 2017 च्याच कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.

आणखी एक विनंती. हे सगळे एकटीने पेलू नका. त्याची परवानगी घेऊन शाखेतील आणखी एका भरवशाच्या व्यक्तीला सोबत घ्या. आपण त्याच्या सहकारी आहात, उपचारक नाही. त्याला योग्य ठिकाणी पोहोचवणे आणि त्यानंतरही त्याच्याशी पूर्वीसारखेच वागणे एवढे आपले काम आहे.

उत्तर ४ : कटकहून

मी मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त ओडिशात एका बँकेत आहे. येथे आले तेव्हा माझी अवस्था या मुलासारखीच होती, फक्त दिशा उलटी. म्हणून त्याच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटले.

ग्राहक ओडियात बोलायचे आणि सहकारी जेवताना ओडियात हसायचे. ते माझ्यावर हसत नसत हे बुद्धीला कळत होते, तरी मन मानत नव्हते. तेव्हा मला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती एका ज्येष्ठ रोखपालबाईंची सवय. त्या दररोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता उभ्या राहायच्या. मी उठले की आम्ही जेवायला जायचो. 'काही मदत लागली तर सांग' असे पुष्कळांनी म्हटले होते. ते वाक्य ताणाखाली असलेल्या माणसाच्या उपयोगाचे नसते, कारण काय मागावे हे ठरवण्याचीच शक्ती त्याच्यात उरलेली नसते. 'मंगळवारी नूतनीकरणाच्या फाइली मी घेते' असे नेमके सांगितले तर त्याला फक्त होकार द्यायचा असतो.

समुपदेशकांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. योग्य ठिकाणी पोहोचवले की सहकाऱ्याचे काम बरेचसे झाले असे त्यांच्या लिहिण्यातून वाटते. माझा अनुभव असा की खरी गरज परत आल्यावर असते. मी आजारपणाच्या रजेवरून परतले त्या दिवशी सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते आणि मला इतके हलके काम दिले होते की आता आपल्यावर कोणाचा विश्वास उरलेला नाही असे मला वाटले. परतलेल्या माणसाला त्याचेच काम द्यावे, प्रमाण मात्र आधी कमी ठेवून हळूहळू वाढवावे, आणि हे प्रमाण त्याला विचारून ठरवावे. सर्वांसमोर 'आता बरे वाटते ना?' असे कोणी विचारू नये.

ताई, छठ संपून गेली असेल. पण होळी यायची आहे, आणि बिहारकडची माणसे होळीलाही घरी जातात. ती मार्चअखेरच्या क्लोजिंगच्या जवळ येते, त्यामुळे ऐनवेळी रजा मिळणे अवघड असते. त्याचा चार्ज तेव्हा कोण घेणार हे आतापासूनच शाखाधिकाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्या आणि त्याला रेल्वेचे आरक्षण करायला सांगा. बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांना होळीत जागा मिळत नाही, म्हणून आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तिकीट काढावे लागेल.